हवेची चिठ्ठी

“चिठ्ठी आणलीय का?” काउंटरमागच्या मुलीनं विचारलं, आणि शाळा बुडवून दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराशी उभी असावी तशी मी गप्प झाले. लोणावळ्याच्या बाजारातलं हे सर्जिकल सामानाचं दुकान. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, गुडघ्याचे पट्टे, आणि काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ते मशीन. जेवणाच्या डब्याएवढं असेल. त्याला एक लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. झोपताना लावायचं, मग ते नाकातून हवा ढकलत राहतं, घसा मिटत नाही आणि झोपेत श्वास अडत नाही, एवढं मी मोबाईलवर बघून ठेवलं होतं. दुकानात काय बोलायचं तेही घरून पाठ करून आले होते. घरात एक पेशंट आहे, त्यांच्यासाठी पाहिजे. तेवढंच बोलले, आणि ही म्हणते चिठ्ठी. “डॉक्टरांची चिठ्ठी लागते, मॅडम. तपासणीचा रिपोर्ट असला तर तोही आणा. दाब किती ठेवायचा ते त्यावर असतं.” मी म्हटलं, “अगं, पण यातनं औषध कुठं जातंय? हवाच जाते ना?” “हवाच जाते. पण कुणाला किती जोरानं द्यायची ते वेगळं असतं. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर त्रास. आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही.” तिच्या कोटावर स्नेहल अशी पट्टी होती. “पेशंट कोण आहेत?” “आमच्या नात्यातल्या एक बाई.” तिनं माझ्या डोळ्यांखाली पाहिलं, मग नजर हलवली आणि म्हणाली, “त्यांना सांगा, आधी दाखवून या. घाबरण्यासारखं काही नसतं.” इतक्या प्रेमानं म्हणाली की मला तिचा रागच आला. आभार न मानता मी पायऱ्या उतरले.

बाहेर पर्यटकांच्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. एका गाडीची काच खाली झाली, आतल्या बाईनं डोळे मिटून छातीभर श्वास घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, “हवा बघ काय आहे इथली!” मला हसू आलं, आणि हसूबरोबर संताप. सगळी मुंबई इथं हवा खायला येते. त्यांना कुणी चिठ्ठी मागत नाही. मी इथली, या डोंगरात जन्मले, आणि मला आता नाकात हवा जायला डॉक्टरची परवानगी पाहिजे. मला माहीत आहे हा वेडेपणा आहे. मुलीचं म्हणणं बरोबर होतं हेही कळत होतं. पण बरोबर बोलणाऱ्या माणसावरच जास्त राग येतो, हा माझा स्वभाव आहे, आणि त्याला आता या वयात मी काही करू शकत नाही. भुशीच्या रस्त्यावर एका रिसॉर्टमध्ये मी कापडखान्याची सुपरवायझर आहे. चादरी, अभ्रे, टॉवेल, पांघरुणं. दिवसभर दुसऱ्यांची झोप माझ्या हातांखालून जाते. ड्रायरमधून निघालेल्या चादरींचा ढीग गरम असतो, त्याला एक भाजल्यासारखा गोड वास असतो, आणि घड्या घालता घालता माझे डोळे मिटतात. हाताखालची पायल मग खांद्याला हात लावते. “मॅडम, परत लागली?” पोरी हसतात. मीही हसते. घरी पोटभर झोपून येऊनही दुपारी अशी का गळून जाते याचं उत्तर माझ्याकडे बरीच वर्षं नव्हतं. वजन, वय, रक्त कमी, जागरण, कुणी काय सांगे, कुणी काय. डाव्या बरगडीतही हल्ली दुखायचं. गाठोडी उचलून दुखत असेल म्हणून तिकडे मी लक्ष दिलं नव्हतं.

मग ते फाटकाचं झालं. रेल्वेचं फाटक पडलं होतं, मी स्कूटी बंद करून दोन्ही पाय खाली टेकले आणि गाडी जायची वाट पाहत राहिले. पुढचं आठवत नाही. आठवतात ते हॉर्न. फाटक कधीच उघडलं होतं, पुढचे सगळे निघून गेले होते, आणि मी रस्त्याच्या मधोमध हँडल धरून, पाय टेकून, उभी झोपले होते. एक टेम्पोवाला बाजूने जाता जाता ओरडला, “ओ मावशी, घरी जाऊन झोपा की!” लोक हसले. मी स्कूटी ढकलत कडेला नेली आणि तिथंच बसून राहिले. उभी होते म्हणून बरं. चालवताना लागली असती तर? सरळ सांगते, मला भीती वाटली. त्या दिवसापासून मी स्कूटी काढलेली नाही. मोबाईलवर शोधलं तेव्हा एकेक लक्षण असं समोर यायला लागलं की जणू कुणी माझ्या घरात राहूनच ते लिहिलं होतं. घोरणं, झोपेत श्वास थांबणं, दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग. झोपेत श्वास थांबतो आणि आपल्याला कळत नाही. हे वाक्य मी परत परत वाचलं. आपल्या बाबतीत घडणारी एवढी मोठी गोष्ट, आणि ती आपल्यालाच सोडून बाकी कुणालाही कळू शकते.

घोरण्याचं मला नवीन नव्हतं. आश्रमशाळेत मुली मला गिरण म्हणायच्या. रात्री दिवे गेले की कुणीतरी म्हणायचं, “गिरण सुरू व्हायच्या आत झोपा गं.” मी तोंडावर ओढणी घट्ट बांधून, पालथी पडून, जागी राहायचे. सगळ्या झोपल्यावर झोपायचं असं ठरवायचे, आणि सगळ्यांच्या आधी माझा डोळा लागायचा. पुरुष घोरला तर घरात पुरुष आहे असं वाटतं. बाई घोरली की लोक तोंडाला पदर लावतात. लग्नघरात मी अजून झोपत नाही. बायका दाटीवाटीनं पसरतात तेव्हा मी उगाच भांडी विसळायला घेते, चहा टाकते, “कशी गं तू कामाची” असं ऐकून घेते, आणि पहाटे घरी येताना गाडीत मान टाकते. लग्न झालं तेव्हा या एकाच गोष्टीची मला धास्ती होती. पण विकास काही बोलला नाही. मनात मी त्याला विकासच म्हणते, तोंडावर अहो. तो देहूरोडच्या डेपोत आहे, अंधारातच उठतो, लोकल पकडतो. आमचा किरण झाला त्यानंतर बाळ रडतं म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. चार दिवस, म्हणाला. बाळ रडायचं थांबलं, चालायला लागलं, शाळेत गेलं, आता पुण्याला कॉलेजात आहे, आणि विकासचं अंथरूण बाहेरच्याच खोलीत आहे. “तिथं वारा छान येतो,” असं तो कधीतरी न विचारताच सांगतो. भांडण नाही, अबोला नाही. माझ्यासाठी देवळातून प्रसाद आणतो, दाढदुखीला लवंग आणतो. पण रात्री मी झोपेत कशी दिसते हे त्याला ठाऊक नाही, आणि माझ्या घोरण्याबद्दल आम्ही दोघं आजवर एक शब्द बोललेलो नाही. बोललो असतो तर हसण्यावारी गेलं असतं. न बोलता ते भिंतीएवढं झालं.

दुकानातून निघाले तरी हट्ट सुटला नव्हता. फोनवर मागवायला गेले तर तिथंही चिठ्ठीचा फोटो चढवा. पायल म्हणाली, तिच्या मामांच्या शेजारी एक जुनं मशीन पडून आहे, आजोबा वापरायचे, गेले बिचारे. ते घ्यायला मन धजेना. आजोबांच्या मापाची हवा आपल्या नाकात, हा विचारच कसातरी होता. शेवटी रजा टाकून तळेगावला छातीच्या डॉक्टरांकडे गेले. बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील, बोलायला साध्या. घसा पाहिला, मान मोजली, वजन केलं. मग पेन हातात धरून विचारलं, “झोपेत श्वास थांबतो असं कुणी सांगितलंय तुम्हाला?” मी म्हटलं, नाही. “गुदमरून उठता?” माहीत नाही. “शेजारी कोण झोपतं?” या प्रश्नाला उत्तर द्यायला मला एवढा वेळ लागला की त्यांनी पेन खाली ठेवलं. “त्यानं काही अडत नाही,” त्या म्हणाल्या, “तपासणी आपण करणारच आहोत. पट्टा देते, तो घरी लावून झोपायचं. पण त्याआधी जो माणूस तुम्हाला झोपलेलं बघतो त्याच्याशी मला दोन शब्द बोलायचे असतात. तुम्ही जे सांगू शकत नाही ते तोच सांगू शकतो. पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या.” “आणते,” मी म्हटलं. तळेगाव स्टेशनच्या बाकावर बसले आणि मला रडू आलं. मशीनसाठी चिठ्ठी पाहिजे, आणि चिठ्ठीआधी विचारतात, तुला झोपलेलं पाहणारं या जगात कोण आहे. दवाखान्यात विचारायचा प्रश्न आहे का हा?

विकासला सांगितलं ते रविवारी सकाळी, तो अंगणात बूट पुसत बसला होता तेव्हा. फाटकाचंही सांगितलं. त्याचा हात थांबला. “आधी का नाही बोललीस?” म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “येतो की मी. रजा काढतो. फक्त डॉक्टर विचारतील ते...” तो बुटाकडे पाहत राहिला. “श्वास थांबतो का, ते मी कसं सांगू? मला बाहेर ऐकू येत नाही. तू सांग काय सांगायचं ते, मी तसं सांगेन.” त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. मदतच करत होता बिचारा. पण ते ऐकून मला जे वाटलं ते मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल पाठ करून जावं लागणार होतं. “नको,” मी म्हटलं, “राहू दे. मी बघते काहीतरी.” तोही अपराध्यासारखा झाला आणि एकच बूट दोनदा पुसला.

आमचं हे बोलणं आई ओट्यावर बसून ऐकत होती. म्हणजे ती ऐकत असेल हे माझ्या लक्षातच नव्हतं. सावित्राबाई, माझी आई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दिवाळीनंतर आमच्याकडे आली ती अजून होती. डोळ्यात थेंब टाकायचे म्हणून मी वाडीवर जाऊ देत नव्हते. पलंगावर तिला झोप येत नाही, पडेन म्हणते, म्हणून आम्ही दोघी आतल्या खोलीत खालीच अंथरूण टाकायचो, शेजारी शेजारी. ती हिरवा गॉगल लावून दिवसभर ऊन शोधत बसायची आणि शहरातल्या माणसांना नावं ठेवायची. तिला मी या आजाराचं काही सांगितलं नव्हतं. तिला काय सांगायचं, तिला काय कळणार, हेच मनात. ती काठी टेकत आत आली आणि म्हणाली, “उजे, मी येते डाक्टरकडं.” मी म्हटलं, “आये, तू कशाला? तुला जिना चढवत नाही.” “चढंन हळूहळू. त्येंनी कुनी बघनारं आन म्हनलंय ना? मग मी हाय की.” आणि ती पदर खोचून अशी तयार झाली की जणू आत्ताच निघायचंय.

तिच्या या “मी हाय की” ला मला आबा आठवले. आबा म्हणजे माझे वडील, बहिरू. आमची वाडी डोंगराच्या पोटात, भाताच्या खाचरांच्या वर. भात पोटरीला आलं, दाणा धरायला लागलं की रानडुकरं उतरतात, आणि मग माळ्यावर राखण. खालच्या गावच्या हौशीराम पाटलांची खाचरं राखायचं काम आबांकडं असायचं. आई सोबत असायची, मी लहान होते तेव्हा मलाही उचलून न्यायचे. चार खांबांवरचा तो माळा, पेंढ्याचा वास, आणि आबांचं घोरणं. गाव त्याच्यावर हसायचं. पाटील म्हणायचे, “बहिरू झोपला तरी राखण व्हते, डुकरं तिकडं फिरकत न्हाईत.” पण राखणीचा एक नियम होता आमच्यात, वाडीतल्या सगळ्या घरांत होता की आमच्याच, ते मला माहीत नाही. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं जागं राहायचं, आणि जागं राहणाऱ्यानं शेतावर एक कान ठेवायचा आणि झोपलेल्यावर एक. जागी बहुतेक आईच असायची. आबांचं घोरणं मध्येच तुटलं की ती त्यांच्या बरगडीत कोपर मारायची. “अवं, फिरा.” ते एक मोठा उसासा सोडून कूस बदलायचे, आणि परत गिरण सुरू. घरीही तेच. आबा थट्टेनं सांगायचे, “हिचं कोपर माज्या बरगडीत उगवलंया.” मला वाटायचं, आईला आवाजाचा त्रास होतो म्हणून मारते. एकदा विचारलंही होतं, तर म्हणाली, “आवाजानं कुटं जाग येती? आवाज थांबला का जाग येती.” लहान होते. काय कळलं असेल मला त्यातलं?

दवाखान्याच्या जिन्यावर तीनचार वेळा थांबत आई वर आली. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली, पण आधी मला विचारलं, “मिस्टर?” मी म्हटलं, “आई आहे माझी. सध्या हीच शेजारी झोपते.” “बरं. आजी, झोपेत हिचा श्वास कसा चालतो?” आईनं गॉगल काढून मांडीवर ठेवला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग तिनं डोळे मिटले, मान थोडी मागे टाकली, आणि घोरायला लागली. मी शरमेनं मेले. दाराबाहेर पेशंट बसले होते. आधी बारीक, मग खरखरीत, मग चढत चढत दाराची कडी हलेल एवढं, आणि एकदम बंद. छाती वर उचललेली तशीच. गळ्याच्या शिरा ताठ. आत ओढायला बघतेय आणि आत काही जात नाही. खोलीत पंख्याचा आवाज येत होता तेवढाच. डॉक्टर पुढे झुकल्या. मीही नकळत श्वास धरला होता. आई अजून तशीच. मला ओरडावंसं वाटलं, आये, घे, श्वास घे. मग एक हिसका, बुडणारा माणूस वर यावा तसा, आणि परत घोरणं. हे माझं होतं म्हणे. मी हे कधी ऐकलं नव्हतं. आणि तरी मी ते ऐकलं होतं, माळ्यावर, पेंढ्यात, घोंगडीच्या आत, अगदी हेच. ते आबा होते. आईच्या गळ्यातून आबा येऊन गेले.

“असं व्हतंय,” आई डोळे उघडून म्हणाली. “येक डाव न्हाई. रातभर. मी हलवते तवा फिरती.” “हलवता म्हणजे?” “कोपर लावते.” तिनं कोपर दाखवलं. माझा हात आपोआप डाव्या बरगडीवर गेला. “तुम्ही झोपता कधी, आजी?” डॉक्टरांनी विचारलं. आई लाजल्यासारखी हसली. “झोपते की. मला सवं हाय. हिच्या बाचंबी असंच व्हतं. मी व्हते तवर हलवलं.” डॉक्टर लिहीत होत्या. आईनं गॉगल परत लावला. मी मात्र त्या वाक्यापाशी थांबले. मी व्हते तवर. किरणच्या वेळची गोष्ट. श्रावणात ओढे भरलेले, वाडीवरून बाळंतिणीला खाली आणणं शक्य नव्हतं, म्हणून माहेरी न जाता मी लोणावळ्यातच राहिले आणि आईला इकडे बोलावलं. ये गं, मला भीती वाटते, असा मीच निरोप पाठवला होता. ती आली. आबा एकटे राहिले. किरणला पाचवी पुजायच्या आतच पाटलांचा माणूस दारात उभा राहिला. “बहिरूआबा गेले. झोपेतच. काय सुदिक तरास न्हाई.” पुण्यवान माणूस, सगळे म्हणाले. सोन्यासारखं मरण. मीही लोकांना तसंच सांगत आले इतकी वर्षं, जरा अभिमानानंच. आई मात्र त्यावर कधी व्हय म्हणाली नाही. बाळाला माझ्या मांडीवर ठेवून ती गेली, आणि त्यानंतर किती तरी महिने नातवाला बघायला आली नाही. दुःखात आहे, आम्ही म्हणायचो. ती दुःखात नव्हती. म्हणजे होती, पण तिला माहीत होतं. त्या रात्री आवाज तुटला तेव्हा शेजारी कोपर नव्हतं. ते माझ्याकडे होतं, माझ्या बाळाची टाळू भरत होतं. आणि तिनं हे एका अक्षरानं मला कधी कळू दिलं नाही.

परत येताना रिक्षात मी तिचा हात धरला. एरवी आम्ही हात वगैरे धरत नाही. तिनं विचारलं, “देत्याल का गं चिठ्ठी?” मी म्हटलं, “देतील.” “द्यायला पायजे,” ती म्हणाली, “मी काय जल्मभर पुरणार हाय?” मला बोलायचं होतं. आये, आबांचं मला आज कळलं, असं म्हणायचं होतं. ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. बाहेर बघत ती एका बंगल्याच्या रंगाला नावं ठेवत होती, आणि मला वाटलं, आत्ता हे बोललं तर तिनं जे एवढं जपून दूर ठेवलं ते मीच उचलून तिच्या मांडीवर टाकल्यासारखं होईल. मी हात तेवढा सोडला नाही.

तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी लावून मी झोपले आणि आई म्हणाली, “आज कोपर लावू का नको?” नको म्हटलं तर ती रात्रभर उठून बसली होती असं सकाळी तिच्या डोळ्यांवरून कळलं. रिपोर्ट आला, त्यावरून चिठ्ठी झाली. एवढासा कागद. माझं नाव, उज्ज्वला, वय, आजाराचं नाव, आणि दाब किती ठेवायचा तो आकडा. मी तो परत परत पाहिला. माझ्या मापाचे कपडे शिवले जातात, चप्पल मिळते, पण मला श्वास किती लागतो हे आजवर कुणी मोजलं नव्हतं. दुकानात स्नेहलनं चिठ्ठी वाचली, नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नात्यातल्या त्या बाईंबद्दल काही विचारलं नाही. मास्क माझ्या चेहऱ्यावर लावून पट्टे आवळून दिले, आकडा चिठ्ठीशी ताडून मशीनमध्ये भरला. “सुरुवातीला थोडं जड जाईल,” म्हणाली, “दुपारच्या वेळी घरात लावून सवय करा.” या वेळी मी तिचे आभार मानले. विकासनं मशीनसाठी भिंतीवर फळी ठोकून दिली. ती ठोकताना तो आतल्या खोलीत बराच वेळ रेंगाळला, बोर्डाची वायर इकडून घेऊ की तिकडून, असं उगाच विचारत. मग म्हणाला, “आवाज फार नसतो म्हणे याचा. आई वाडीवर गेल्या की मी आत झोपून बघू का?” मी फळीवरचा भुसा पुसत होते. “बघा,” मी म्हटलं. माझे कान गरम झाले होते, आणि तो फळी परत परत हलवून पक्की झालीय का ते पाहत होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर मी मास्क लावला. “सोंड लावली बया,” आई म्हणाली आणि शेजारी आडवी झाली. पहिल्यांदा गुदमरल्यासारखं झालं. श्वास सोडायला जावं तर समोरून कुणीतरी हात लावून ठेवल्यासारखं. मग हळूहळू त्या हवेशी जमलं. ती येत होती, थंड, न थांबता, मी मागितली नाही तरी. खिडकीच्या उन्हाचा चौकोन भिंतीवर होता. मी तो पाहत होते, आणि मग पाहत नव्हते. ती झोप कशी होती ते मी सांगू शकत नाही. स्वप्न नाही, दचकणं नाही. खोल, भरलेल्या विहिरीसारखी शांत. आणि त्या शांततेत बरगडीत जोरात कोपर बसलं. “उजे! उजे गं! ऊठ! आगं ऊठ!” आईचा चेहरा माझ्यावर वाकलेला, गॉगल नाही, ऑपरेशनचा डोळा लाल. तिचे दोन्ही हात माझे खांदे गदागदा हलवत होते. मी मास्क ओढून काढला. “काय झालं, आये?” “थांबलं,” ती म्हणाली, “आवाजच न्हाई. म्या लय येळ वाट बघितली. येईना. परत येईना.” आणि ती रडायला लागली. माझी आई, जिला मी आबांच्या दिवसांतही मोठ्यानं रडताना पाहिलं नव्हतं, ती लहान पोरीसारखी रडत होती. “मला वाटलं, आता हितं असून बी...” तिनं पुढचं गिळलं. पण आता ते आमच्या दोघींच्या मध्ये होतं, आणि मी ते तिच्या एकटीचं राहू दिलं नाही. “आये,” मी म्हटलं, “आबांच्या वेळी तू माझ्याकडं होतीस. मी बोलावलं होतं तुला.” ती थांबली. डोळा पुसू लागली तर मी तिचा हात धरला, डॉक्टरांनी चोळू नका म्हटलं होतं. मग म्हणाली, “पोरीला एकटी कशी ठेवायची व्हती?” तेवढंच. परत ते आम्ही बोललो नाही.

मग मी तिला समजावलं. आता घोरणं यायचंच नाही. आवाज नाही म्हणजे हवा नीट चाललीय. तिला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. “मग मला कळायचं कसं?” म्हणाली. मी मास्क परत लावला, आडवी झाले, आणि तिचा तळहात माझ्या पोटावर ठेवला. पोट वर जाई तसा हात वर, खाली येई तसा खाली. ती त्याकडे बघत राहिली, मग गॉगल चाचपून उशाशी ठेवला आणि हात न काढता माझ्याकडे तोंड करून पडली. तो हात सुरुवातीला ताठ होता. हळूहळू बोटं सैल झाली, मग सगळा हात जड झाला. आईला झोप लागली होती. भर दुपारी, माझ्या आधी. असं पूर्वी कधी झाल्याचं मला आठवेना.

आणि मग ती घोरायला लागली. आधी बारीक, मग खरखरीत. मशीनच्या फुसफुशीतूनही मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी डोळे उघडून छताकडे पाहत पडले. माझी आई घोरते, हे मला ठाऊक नव्हतं. आबांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, ते आधी झोपायचे. मीही आधीच झोपायचे. तिच्या आधी सगळे झोपलेले, आणि ती झोपेल तेव्हा ऐकायला कुणीही जागं नाही, एवढी वर्षं. आवाज चढत गेला, आणि एकदम तुटला. पोटावरचा हात तसाच. मी वाट पाहिली. ऊन भिंतीवर जरा सरकलेलं होतं. मी मास्कच्या आत श्वास धरला आणि अजून वाट पाहिली, मग माझं कोपर मागे घेऊन तिच्या बरगडीला हळूच लावलं. “आये, फीर गं.” एक मोठा उसासा आला. ती दुसऱ्या कुशीवर वळली आणि झोपेतच म्हणाली, “जागीच हाय मी.”